एका माणसाएवढी घट

१

माणूस म्हणजे चालतीबोलती पाण्याची पिशवी, असं टॉवर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाईक हसलं की मग पुढचं समजावायचा. सभागृह असो, वाचनालय असो की मोठं ऑफिस, वायफाय बसवण्याआधी तो हातात मीटर घेऊन सगळी जागा पायाखाली घालायचा. पण रिकाम्या जागेतलं रीडिंग फसवं असतं. माणसं येऊन बसली की प्रत्येक जण आपल्या अंगातल्या पाण्याने थोडी थोडी रेंज पिऊन टाकतो. म्हणून टॉवर आणि त्याचा जोडीदार खिळा रिकाम्या खुर्च्यांवर पाण्याचे भरलेले कॅन मांडायचे. एका माणसाच्या जागी एक कॅन. मग मोजायचं.

टॉवर उंच म्हणून टॉवर. खिळा काटकुळा, आणि जिथे बसेल तिथून हलायचा नाही, म्हणून खिळा. इतकी वर्षं बरोबर काम केल्यावर दोघांची खरी नावं फक्त गिऱ्हाइकांच्या बिलांवर उरली होती.

शाळेच्या सुट्टीत टॉवरची मुलगी हट्ट करून बरोबर यायची. एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. ती खुर्चीवर उभी राहून कॅनचं काम करायची आणि खिळा लांबून ओरडायचा, "ए अर्ध्या कॅन, हलू नकोस! मीटरला घेरी आली."

त्या वयात तिची घट खरंच मोठ्या माणसाच्या निम्मी भरायची. 'घट' हा त्यांचा रोजचा शब्द. मध्ये काही आलं की मीटरवरचा आकडा जेवढा खाली येतो, ती त्या वस्तूची घट. भिंतीची वेगळी, लोखंडी कपाटाची वेगळी. माणसाची मात्र कधीच स्थिर नसते. माणूस कितीही गप्प उभा राहिला तरी श्वासाबरोबर आकडा बारीक हलत राहतो. कॅन ठेवला की आकडा खाली येतो आणि तिथेच थांबतो. मध्ये कॅन आहे की माणूस, आणि माणूस असला तर एक की दोन, हे टॉवरला नुसत्या आकड्यावरून सांगता यायचं.

ही विद्या घरी वापरायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

आता भिंगरी कॉलेजातून उठून हॉस्पिटलात होती. रक्ताचा आजार होता. हॉस्पिटल रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब. बोन मॅरो बदलून झाला होता आणि नवं रक्त तयार होईपर्यंत तिच्या खोलीत डॉक्टर आणि नर्स सोडून कुणाला सोडत नव्हते. टॉवर सुरुवातीला बाहेरच्या बाकावर बसून राहिला. शेवटी भिंगरीनेच फोनवर त्याला हाकललं.

"बाबा, बाकावर बसून तरी तू मला फोनवरच दिसणार ना? त्यापेक्षा घरी जा. मला घर दाखव."

म्हणून तो घरी आला होता. रोज दुपारी डॉक्टर तपासून गेले की तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि तो फोन हातात धरून तिला घर फिरवून आणायचा. कधी स्वयंपाकघर, कधी जिना, कधी तिच्या खोलीतली खिडकी. मग समोरच्या खोलीतल्या टेबलापाशी बसून दोघं बोलायचे. घर खोलगट जागी होतं, मोबाईलची रेंज दाराबाहेरच अडायची. टॉवरच्याच घरी टॉवर पोचत नाही, हा खिळ्याचा जुना विनोद. त्यामुळे जी काय भिस्त ती वायफायवर.

आणि एका दुपारी तेच अडखळलं. घरभर फिरताना सगळं सुरळीत होतं. तो खुर्चीत बसला, फोन टेबलावर टेकवला, भिंगरी "हं, आता सांग" म्हणाली आणि तिचा चेहरा थिजला. थोड्या वेळाने आपोआप सुटला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

२

गिऱ्हाइकांना सांगायचा ते सगळं त्याने स्वतः केलं. राऊटर बंद करून चालू केला. फोन बंद करून चालू केला. फोनला नेटवर्क विसरायला लावून पासवर्ड नव्याने घातला. सॉफ्टवेअर ताजं केलं. फोनमधली बॅटरी वाचवायची सोय काढून टाकली, कारण बॅटरी वाचवता वाचवता ती वायफायचा गळा आवळते. शेजाऱ्यांच्या राऊटरशी टक्कर होत असेल म्हणून चॅनेल बदलला. फोन बदलून अक्कांचा घेतला.

अक्का म्हणजे भिंगरीच्या आईची थोरली बहीण. भिंगरीच्या आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून अक्का आल्या आणि भिंगरीचं दुखणं निघाल्यावर राहूनच गेल्या.

"मायक्रोवेव्ह लावता का हो तुम्ही दुपारी?" टॉवरने विचारलं. "त्यानेही वायफाय तुटतं."

"भिंगरीचा फोन असतो तेव्हा मी पाण्याचा पेलासुद्धा हलवत नाही, भावोजी," अक्का म्हणाल्या. "काय म्हणते पोरगी, ते कानात जीव आणून ऐकत असते. तुमचंच काहीतरी बिघडलं असेल. दिव्याखाली अंधार."

शेवटी त्याने कामावरचा मीटर घरी आणला आणि टेबलावर ठेवला. राऊटर पॅसेजमधल्या फळीवर होता, टेबलासमोर, मध्ये उघडं दार. सकाळभर आकडा जागचा हलला नाही. दुपारी फोन वाजला, तो खुर्चीत बसला, भिंगरीचा चेहरा पडद्यावर आला, आणि मीटरवरचा आकडा खाली उतरला.

टॉवरच्या मनाने सवयीने नोंद घेतली. एक माणूस.

त्याने मान वर केली. दारात कुणी नव्हतं. पॅसेजमध्ये फळी, फळीवर राऊटर, राऊटरचा हिरवा दिवा. त्याने पुन्हा मीटरकडे पाहिलं. एका माणसाएवढी घट, पण आकडा हलत नव्हता. माणसाचा हलतो. हा कॅनसारखा उतरला होता आणि तिथेच बसला होता.

"बाबा, दिसतोस का रे? बाबा?"

तो फोन आणि मीटर दोन्ही उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला. चित्र लगेच सुटलं. "दिसतोय," तो म्हणाला, "बोल." ती नर्सबाईंच्या नकला करू लागली. तो हसला. आणि नकला रंगात आल्या असताना मीटर पुन्हा खाली आला. तेवढाच. कुणीतरी त्याच्यामागून खोली ओलांडून यावं आणि पडद्यात डोकावून बघावं, एवढ्या वेळाने.

भिंतीत ओल आली असेल, त्याने स्वतःला समजावलं. ओल म्हणजे पाणीच. पण ओल जागा सोडून चालत नाही. फ्रिज चालू-बंद होत असेल. पण फ्रिज स्वयंपाकघरात, पार उलट्या बाजूला. आपण साप साप म्हणून भुई धोपटतोय, असं तो मनाशी म्हणाला आणि मीटर पिशवीत भरून ठेवला.

पिशवीची चेन लावताना त्याला उगाच एक गोष्ट आठवली. भिंगरी होस्टेलवर असताना असेच कॉल व्हायचे. तो फोन धरायचा आणि तिची आई बाजूने वाकून मध्ये डोकं घालायची. भिंगरीला तिच्या आईच्या केसांखेरीज काही दिसायचं नाही. "अगं, बाजूला हो की जरा," तो म्हणायचा.

३

खिळ्याला त्याने कारण सांगितलं नाही. नुसतं, "रेंज पडतेय, माझं डोकं चालेना, बघून जा," एवढंच.

"टॉवर कोसळला म्हणायचा," खिळा आत येता येता म्हणाला. "अर्धा कॅन काय म्हणतो?"

"रक्ताचे आकडे सुधारताहेत. रोज थोडे थोडे वर."

"मग झालं तर. वायफायचं काय, वायफाय आपल्या हातातलं आहे."

ते त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने कामाला लागले. टॉवर राऊटरपाशी थांबला. खिळा मीटरवर डोळे लावून, पाऊल पाऊल टाकत, मोठ्याने आकड्याचा हाल सांगत घरभर फिरू लागला. "भरली... भरली... जराशी उतरली, कपाट आहे... भरली..." त्याचा आवाज खोल्याखोल्यांतून फिरून पॅसेजमध्ये आला. तो भिंगरीच्या खोलीच्या दारापाशी पोचला, राऊटरकडे पाठ करून.

"पडली," तो म्हणाला. आणि मान वर न करता, हजार वेळा म्हटलं असेल तसं, "अक्का, जरा बाजूला व्हा."

टॉवर राऊटरपाशी होता. त्याच्यात आणि खिळ्यात सगळा पॅसेज मोकळा होता.

"हां. आली वर," खिळा म्हणाला. "आता बरोबर."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वाळलेल्या कपड्यांचा भारा घेऊन अक्का गच्चीवरून खाली येत होत्या. "मला हाक मारलीत का कुणी?"

खिळ्याने मान वर केली. त्याने अक्कांकडे पाहिलं, मग टॉवरकडे, मग बराच वेळ मीटरकडे.

"नाही," तो म्हणाला. "नाही हो, अक्का. आमचं आपलं कामाचं चाललं होतं."

अक्कांनी पॅसेजमध्ये पाऊल टाकलं आणि भारा छातीशी धरून भिंतीला चिकटत, अंग चोरत आत गेल्या. अरुंद वाटेत समोरून कुणी आलं की आपण जातो तशा. भारा मोठा होता. टॉवरने मनात म्हटलं, भारा मोठा होता.

"मीटरची बॅटरी उतरली असेल," खिळा म्हणाला. जिथे बसेल तिथे रुतणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने चहाही घेतला नाही.

४

दुसऱ्या दिवशी अक्का बाहेर गेल्यावर टॉवरने पाण्याचा कॅन भरला आणि पॅसेजच्या तोंडाशी स्टुलावर ठेवला. आकडा बघून ठेवला. कॅन उचलला. मग रिकाम्या पॅसेजसमोर मीटर धरून उभा राहिला.

बराच वेळ काहीच झालं नाही. बाहेर कुणीतरी गाडी धुत होतं, बादलीचा आवाज येत होता. त्याने खिशातून फोन काढला आणि भिंगरीचा एक जुना व्हिडिओ लावला. ती हसली तसा आकडा खाली आला. कॅनचा होता तोच आकडा.

त्याच्या पाठीवरून घाम ओघळला. पण पाय हलले नाहीत, आणि त्याने ते नेहमीचं वाक्य म्हटलं, गिऱ्हाइकाच्या घरात म्हणतो त्याच स्वरात.

"जरा बाजूला हो."

आकडा वर आला.

भीती सारखी नवी राहत नाही. रोज तीच भीती आली तर माणूस तिच्यासाठी जागा करतो. टॉवरनेही केली. कॉल सुरू झाला, चेहरा थिजला की तो हळूच ते वाक्य म्हणायचा आणि चित्र सुटायचं. कधी लगेच सुटायचं, कधी जरा रेंगाळून, नाइलाज असल्यासारखं.

"कुणाला म्हणतोस रे सारखं?" भिंगरीने एकदा विचारलंच.

"मावशीला तुझ्या. मध्ये मध्ये येते."

"येऊ दे की. दाखव ना मावशी."

"गेली ती आत," तो म्हणाला.

आणि मग तो दिवस आला. कॉलवर भिंगरीबरोबर डॉक्टरही होते. एक औषध बदलायचं होतं. नवं औषध कडक होतं, घ्यावं की थोडं थांबावं, दोन्ही बाजूंनी बोलता येण्यासारखं होतं. डॉक्टर समजावून सांगत होते. भिंगरीने टोपी भुवयांपर्यंत ओढली होती, केस गेल्यापासून ती तशीच ओढायची. ती म्हणाली, "बाबा, तू सांग. मला खूप भीती वाटतेय. घेऊ का मी?"

तो तोंड उघडणार तोच ती थिजली, डोळे मोठे आणि ओठ अर्धवट.

"बाजूला हो," तो म्हणाला.

आकडा हलला नाही.

"बाजूला हो ना! ऐक माझं, बाजूला हो!" तो ओरडला. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि थांबला. तो फोन घेऊन दाराकडे धावला, जिन्याकडे धावला. घट त्याच्याबरोबर आली, त्याच्या खांद्याशी, पडद्यावर वाकून. कॉल तुटला. पुन्हा जोडला गेला तेव्हा डॉक्टर निघून गेले होते आणि भिंगरी रडून लाल झाली होती.

"मी हो म्हटलं," ती म्हणाली. "तू बोलतच नव्हतास."

त्या संध्याकाळी त्याने खिळ्याला फोन लावला. गोदामात नव्या सभागृहासाठी आणलेले, छताला लावायचे वायफायचे पॉइंट पडले होते. एकेका खोलीत एकेक लावायचा. चारी बाजूंनी रेंज आली की कुणी कुठेही उभं राहिलं तरी अडवता येत नाही. सावलीच पडत नाही.

अक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"भावोजी, भिंगरीच्या रक्ताचे आकडे रोज वर चाललेत ना?"

"हो."

"मग इथला एक आकडा खाली आला तर येऊ द्या की."

"तुम्हाला त्यातलं कळत नाही, अक्का," तो म्हणाला, आणि इतक्या तुटकपणे आपण त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो हे त्याच्या लक्षात आलं.

"नाही कळत," अक्का म्हणाल्या आणि आत गेल्या.

५

घरात छताला असे पॉइंट लावणं म्हणजे मुंगी मारायला तोफ. खिळा एरवी यावर दिवसभर बोलला असता. त्या दिवशी तो शिडीवर चढून गप्प भोकं पाडत होता.

"एवढे कशाला, असं नाही विचारलंस," टॉवर म्हणाला.

"नाही विचारणार," खिळा म्हणाला. "विचारलं तर तू सांगशील. पक्कड दे."

समोरच्या खोलीतला पॉइंट लागला. टॉवरने मीटर धरला. मघापासून टेबलाशी असलेली घट गेली होती. ती त्याला पॅसेजमध्ये सापडली. पॅसेजमधला पॉइंट लागला. मग स्वयंपाकघराच्या दारात. तिथलाही लागला. दारं सगळी उघडी होती, एकही वाजलं नाही. पडदा हलला नाही. फक्त हातातला आकडा सांगत होता की इथून गेली, आता इथे आहे, इथूनही गेली.

शेवटी भिंगरीची खोली उरली. पलंगावर धुतलेली चादर ताणून घातली होती, टेबलावर तिची पुस्तकं. टॉवर मीटर घेऊन आत शिरला. घट पलंगाच्या उशाशी होती. तो दोन पावलं पुढे गेला तशी ती खिडकीच्या कोपऱ्यात सरकली. त्यापलीकडे भिंत होती.

"लावू?" शिडीवरून खिळ्याने विचारलं. त्याच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून टॉवरने वर पाहिलं नाही. कोपऱ्यात काहीही नव्हतं. ऊन होतं, उन्हात धूळ तरंगत होती. एखाद्याला कोपऱ्यात कोंडल्यावर आपल्याला जे वाटतं, ते त्याला त्या उन्हाकडे बघून वाटलं. मग त्याला भिंगरीचे ते अर्धवट ओठ आठवले.

"लाव," तो म्हणाला.

छतावर हिरवा दिवा लागला आणि आकडा भरून वर आला.

त्याने सगळं घर पुन्हा पालथं घातलं. कुठे तसूभर घट नव्हती. असं स्वच्छ रीडिंग त्याने फक्त एकाच ठिकाणी पाहिलं होतं. रिकाम्या सभागृहात, खुर्च्यांवर कॅन मांडायच्या आधी.

अक्का कपडे घेऊन पॅसेजमधून गेल्या. मधोमध, सरळ चालत.

६

त्या दुपारी चित्र आरशासारखं होतं. भिंगरीच्या गालावर किंचित रंग आल्याचंही दिसत होतं.

"बाबा, गंमत सांगू? डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पुढच्या आठवड्यात घरी."

टॉवरने फोन फिरवून तिला तिची खोली दाखवली. पलंग, पुस्तकं, खिडकी.

"किती मोकळं वाटतंय रे घर," ती म्हणाली. "सामान काढलंत का?" आणि तिचं चित्र तुटलं.

त्याने आपल्या फोनकडे पाहिलं. वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या. छतावर दिवा हिरवा.

"बाबा, इथलंच गेलं वाटतं," तिचा आवाज अडखळत आला. "कधीच जात नाही इथलं."

"वायफाय बंद करून चालू कर."

"केलं. तसंच."

"राऊटर कुठाय तुमचा?"

"दारावर. समोरच दिसतोय की." ती हसली. "थांब, तू माझ्या फोनमध्ये मीटर घालून दिलायस ना, तो लावते. अर्धा कॅन कामावर रुजू." थोडा वेळ खरखर. मग तिने आकडा वाचला. तो दाराजवळ किती, पलंगापाशी किती, तेही वाचलं.

टॉवरने वजाबाकी केली. करावी लागली नाही, पण केली.

"तुझ्यापाशी सिस्टर उभ्या आहेत का?"

"छे. एकटीच आहे मी."

"आकडा... आकडा हलतोय का गं?"

"नाही." तिने आकड्याकडे पुन्हा पाहिलं. "मुळीच नाही. गप्प बसलाय. कॅनसारखा."

टॉवर उठून उभा राहिला. "भिंगरे, तू खिडकीकडे जा."

सलाईनच्या स्टँडची चाकं वाजली. "आले. इथेही तेवढाच." आणि मग, खोडकरपणे, "मी म्हणून बघू का तुझं ते? बाजूला हो?"

"म्हण," तो म्हणाला. "म्हण लवकर."

"बाजूला हो," भिंगरी म्हणाली. पुन्हा बोलली तेव्हा आवाजातली मस्ती गेली होती, झोप आली होती. "उलट अजून पडला बाबा. पडू दे. मला जरा थंडी वाजतेय. आडवी होते मी."

"भिंगरे, बेल दाब. सिस्टरना बोलाव. भिंगरे!"

चित्र एकदा लखलखून आलं आणि थिजलं. ती पलंगावर आडवी होती, पण मधोमध नव्हती. एका कडेला सरकली होती, दुसऱ्याला जागा करावी तशी. फोनकडे तिचं लक्ष नव्हतं. ती जराशी वर, उशापाशी बघत होती, आणि शाळेसाठी उठवलं की जसा करायची तसा चेहरा होता. कुरकुरता, झोपाळलेला, निर्धास्त. भुवयांपर्यंत ओढलेली टोपी कपाळावरून मागे सरकली होती. कुणी ताप बघायला हात ठेवला की सरकते तेवढीच.

७

नर्सबाईंचा फोन आला. ताप एकदम चढला आहे, डॉक्टर आत आहेत, घाबरू नका, आम्ही कळवतो. टॉवरने खिळ्याला गाडी आणायला सांगितलं. पिशवी भरली. गाडी यायला वेळ होता. संध्याकाळचा उजेड पॅसेजच्या टोकापर्यंत आला होता.

हात दाखवून अवलक्षण, असं कुणीतरी म्हणालं. तोच म्हणाला होता.

त्याने शिडी ओढली. भिंगरीच्या खोलीतला पॉइंट हिसकून काढला. स्वयंपाकघरातला काढला, पॅसेजमधला काढला, समोरच्या खोलीतला काढला. चुन्याचे तुकडे खाली पडले. अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी टेबलापाशी दुसरी खुर्ची आणून ठेवली आणि परत आपल्या दारात गेल्या.

फक्त फळीवरचा जुना राऊटर चालू राहिला. टॉवर मीटर घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. पॅसेज मोकळा. आकडा पूर्ण भरलेला.

"ये," तो म्हणाला. "चुकलं माझं. बघ तू हवं तेवढं, मध्ये ये, काय वाटेल ते कर. पण इथे ये."

आकडा जागचा हलला नाही. त्याने आयुष्यभर लोकांना रेंज भरून दिली होती. आता तो ती पडायची वाट बघत होता. अक्कांचे ओठ हलत होते. जिन्याखाली कुणाची तरी सायकल घासली.

आणि आकडा खाली आला. एक माणूस, स्थिर.

टॉवरने भिंतीला हात टेकला. "आलीस," तो म्हणाला. "आलीस ना? बस. सोडलंस ना तिला? बस."

मग आकडा आणखी थोडा खाली आला.

फार नाही. एका माणसाएवढा नाही. त्याने अक्कांकडे पाहिलं. त्या समोर, आपल्या दारात होत्या. त्याने आपले पाय पाहिले, हात पाहिला, मीटर दुसऱ्या हातात घेतला. एक माणूस, आणि त्यावर निम्मी घट. पहिली स्थिर होती. दुसरी नव्हती. आकडा शेवटच्या घरात बारीक थरथरत होता, वर, खाली, वर, कुणीतरी धावत आल्यावर छाती हलते तसा. मेला एका जागी ठरतच नव्हता.

"हलू नकोस," असं त्याच्या तोंडून सवयीने निघणार होतं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

थरथर मंद झाली. वर, मग बऱ्याच वेळाने खाली. टॉवर श्वास रोखून त्या आकड्याकडे बघत राहिला, जणू त्याच्या बघण्यानेच तो हलता राहणार होता.

आकडा थांबला.

खिशात फोन वाजू लागला. पडद्यावर वॉर्डाचं नाव होतं आणि वायफायची एकच काडी. एवढ्या रेंजवर आवाज तुटतो, पलीकडचं नीट ऐकायचं तर मध्ये उभं असेल त्याला बाजूला व्हायला सांगावं लागतं.

फोन वाजत राहिला. टॉवरने ते वाक्य म्हटलं नाही.